अडतीस ग्रॅम

आमच्या वन्संना कारखान्यात तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘टकटकताई’. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. “त्यात खोटं काय आहे?” म्हणायच्या. एकोणतीस वर्षं त्यांनी छोट्या हातोडीनं वस्तूंवर टकटक करून पगार घेतला.

घरीही तेच. नवी खुर्ची आली की तिच्या पायावर टिचकी. भांडं घेतलं की टिचकी. दाराची चौकट, गॅलरीचा कठडा, शेजाऱ्यांच्या पलंगाची दांडी, काही सुटायचं नाही. आमचे हे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, “ताई, माझ्या डोक्यावर तेवढं नको हं. पोकळ निघालं तर हिच्यासमोर लाज जाईल.” वन्सं म्हणायच्या, “ते मी तू पाच वर्षांचा असतानाच तपासलंय.”

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर माझं शिलाई मशीन आलं. पहिल्याच दिवशी वन्संनी त्याच्या लाकडी पाटावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, “लाकूड बरं आहे, पण पातळ आहे. वेगात चालवलंस की ओरडेल.” ओरडलाच. ते मी लक्षात ठेवलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

वन्संचं शिक्षण शाळेपुरतं, वर एक वर्षाचा तांत्रिक वर्ग. लग्न जमलं नाही असं नातेवाईक म्हणतात. त्या म्हणतात, “जमवलं नाही.” दवाखान्याला लागणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात त्या आधी खोकी बांधायला लागल्या. खोकं बांधताना आतल्या वस्तूवर बोट आपटून “ही तडकलेली आहे” असं सांगायच्या, आणि उघडून बघितलं तर खरंच तडकलेली निघायची. तिथल्या तपासणीच्या खोलीत एक म्हातारे मास्तर होते. त्यांनी आठवडाभर हे पाहिलं आणि यांना उचलून आपल्या खोलीत नेलं. मास्तर गेले, खोली यांच्याकडे आली.

ती खोली मी पाहिली आहे. एक खिडकी, एक जाड लोखंडी टेबल, वरून दाबणारं एक यंत्र, भिंतीला लावलेली रजिस्टरं, आणि एका डबीत कापसात ठेवलेला सेन्सर. पितळी, बोराएवढा. वस्तूला मेणानं चिकटवायचा, हातोडीनं टक करायचं, की तो ती वस्तू सेकंदाला किती वेळा थरथरते ते सांगतो. वन्सं त्याला ‘कान’ म्हणायच्या. “प्रत्येक वस्तूचा डुलायचा आपला एक वेग असतो,” त्यांनी मला सांगितलं होतं. “झोपाळ्याला जसा असतो. त्याच वेगानं कुणी ढकलत राहिलं तर झोपाळा कुठल्या कुठे जातो. यंत्रात मोटर असते, ती सारखी ढकलत असते. मोटरचा वेग आणि वस्तूचा वेग जुळला की घात. लांब ठेवायचे दोघांना. माझं काम एवढंच.”

इतकी वर्षं वस्तू पोलादाच्या होत्या, दोन-दोन तीन-तीन किलोच्या. मग नवा इंजिनीयर आला. तिशीतला, जाड चष्म्याचा, बोलायला मऊ. तो स्वतः आकार काढायचाच नाही. संगणकाला सांगायचा, इथे बांधायचं आहे, इथे एवढं वजन येणार आहे, आता कमीत कमी सामानात तूच काढ. संगणक नको तिथलं सगळं कोरून टाकायचा, आणि उरायचं ते झाडाच्या मुळासारखं काहीतरी. वन्संनी पहिला नमुना घरी वर्णन करून सांगितला तो असा : “उंदरानं खाल्लेली फांदी बघितली आहेस का? तशी.”

तो नमुना म्हणजे एक हात होता. श्वासाचं यंत्र असतं ना, रुग्णाला हवा देणारं, त्याच्या अंगाला बसवायचा वीतभर लांब हात. त्याच्या टोकाला नळी अडकते आणि रुग्णाच्या तोंडाशी स्थिर राहते. जुना हात दोन किलोचा. संगणकाचा दोनशे दहा ग्रॅमचा.

पहिला नमुना वन्संनी नापास केला. दाबाच्या यंत्राखाली घातला तर त्याच्या फांद्यांतली तिसरी काडी मधोमध बाहेर बाक काढून बसली.

इंजिनीयर म्हणाला, “ताई, पण संगणक म्हणतो ताकद तिप्पट आहे. तुटणार नाही.”

वन्संनी कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी उपसली, टेबलावर उभी धरली आणि वरून बोटानं दाबली. काडी कमरेत वाकली.

“तुटली का?”

“नाही.”

“उभी राहिली का?”

त्यानं काडी घेऊन स्वतः दाबून पाहिली.

“तुझ्या संगणकाला विचारलंस, तुटेल का? तो म्हणाला नाही, खरंच बोलला. बाक येईल का, हे तू विचारलंच नाहीस. हाडकुळ्या माणसाच्या डोक्यावर पोतं दिलं तर हाड मोडायच्या आधी तो वाकतो.”

माणूस चांगला. रागावला नाही. ती काडी त्यानं खिशात घातली आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. पुढच्या खेपेला संगणकाला बाकाचंही विचारलं. हाताची ती काडी जाड झाली, हात दाबाखाली ताठ राहिला.

मग थरथरीची पाळी. श्वासाच्या यंत्राची मोटर सेकंदाला चोवीस फेरे घेते. संगणक म्हणत होता, हाताचा डुलायचा वेग एकोणतीस. म्हणजे चोवीसच्या वर, पुरेसा लांब, पास. वन्संनी हात यंत्रावर बसवला, टोकाला कान चिकटवला, टक केलं. आला वीस. म्हणजे चोवीसच्या खाली, तोही पुरेसा लांब, पास.

“एकोणतीस कुठे आणि वीस कुठे?” इंजिनीयर म्हणाला.

“तुझ्या संगणकानं हाताचा पाय काँक्रीटमध्ये पुरलाय,” वन्सं म्हणाल्या. “इथे पायाखाली रबराची चकती आहे. ती दबते. हात सैल उभा आहे, म्हणून सावकाश डुलतो.”

त्यानं कपाळाला हात लावला. चकती तो विसरला होता. मोटर चालू करूनही बघितलं, कान चिकटवलेलाच होता, आकडे घ्यायचे म्हणून. हात शांत. वन्संनी रजिस्टरमध्ये सही केली, शिक्का मारला.

त्या संध्याकाळी त्या खुशीत होत्या. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, अडीच महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय, पण तुम्हाला सोडणार नाही. आणखी दोन वर्षं राहा, तपासणीची खोली नव्या माणसांना शिकवा. वरून मंजुरी आली की झालं. वन्सं जेवताना दोनदा म्हणाल्या, “शिकवायचंय मला.” त्यांच्या तोंडून ‘मला’ असं कधी निघत नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. निवृत्तीची त्यांना धास्ती होती. घरी बसून कुणाकुणाच्या खुर्च्यांवर टिचक्या मारणार?

दीड महिना गेला. अकरा हात दवाखान्यांत गेले, ऐंशी गोदामात तयार होऊन पडले.

एरवी रविवारी मी मशीन उघडत नाही. पण त्या रविवारी शाळेचे गणवेश द्यायचे होते, म्हणून दुपारी मागच्या खोलीत शिवत बसले. वन्सं चहाचा कप घेऊन आल्या आणि खाटेवर टेकल्या. एरवी त्या दुपारी कामावर. मी शिवताना त्यांनी क्वचितच पाहिलं असेल. मी भराभर पायडल मारत होते. दोरा कापायला पाटाच्या कोपऱ्यातली लोखंडी कात्री उचलली, आणि पाट खडखडखड ओरडायला लागला. कात्री परत ठेवली, गप्प झाला.

“काय केलंस आत्ता?” वन्संनी विचारलं.

“काही नाही. दोरा कापला.”

“परत कर.”

मी केलं. कात्री उचलली, खडखड. ठेवली, गप्प. वन्संनी कप खाली ठेवला.

“उचल. पायडल थांबवू नकोस. हं, ठेव. परत उचल.”

“अहो वन्सं, गणवेश राहतील.”

“कात्री तिथेच का ठेवतेस?”

“नाहीतर पाट ओरडतो. तुम्हीच नव्हतं का सांगितलं पहिल्या दिवशी?”

“कधीपासून ठेवतेस?”

“एकवीस वर्षं झाली असतील.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“कात्री कुठे ठेवते ते काय सांगायचं माणसानं?”

त्या हसल्या नाहीत. उठून पाटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “कात्री पाटाला जड करते. जड झाला की तो सावकाश डुलतो. मशीनचा वेग आणि त्याचा वेग जुळत नाही, म्हणून ओरडत नाही.”

“बरं मग?”

“मग मी त्या हाताला कान चिकटवला होता. टोकालाच. दोन-तीन किलोच्या वस्तूला बोराएवढा कान म्हणजे काहीच नाही. पण तो हात सगळा मिळून दोनशे दहा ग्रॅमचा आहे गं. मी हाताचं डुलणं मोजलंच नाही. हात आणि कान दोघांचं मिळून मोजलं. कान काढल्यावर तो भराभर डुलत असणार. विसाच्या वर.”

“किती वर?”

“तेच,” त्या म्हणाल्या. “चोवीस असला तर?”

असला तर काय ते मला विचारावं लागलं नाही. मोटर रात्रंदिवस त्याला त्याच्याच वेगानं ढकलत राहणार. आज नुसती थरथर. काही महिन्यांनी बुंध्याशी चीर. मग एक दिवस माणसाच्या तोंडाशी धरलेली नळी खाली.

चहा प्यायला ह्यांना आत बोलावलं तर वन्संनी सगळं सांगितलं. हे म्हणाले, “ताई, उद्या तू जाऊन सांगणार की तुझा शिक्का चुकला? एकोणतीस वर्षांत एकदाही मागे घेतला नाहीस. मंजुरी वर टेबलावर पडलीय. आधी गुपचूप खात्री कर. महिनाभरात कागद येईल, मग सांग. हात काय लगेच मोडत नाहीत.”

“महिनाभर मोडणार नाहीत हे कुणी तपासलंय?” वन्सं म्हणाल्या. “मीच ना?”

हे कप ठेवून उठले. जाताना पाटावरच्या माझ्या कात्रीकडे असं पाहून गेले, जणू सगळं तिनंच केलं.

सकाळी मी देवासमोर बसले तर काय मागावं तेच कळेना. त्यांची शंका खोटी ठरू दे म्हणावं, तर ते मागून काही बदलणार नव्हतं. हात जसे होते तसे होते. कुणाला कळू नये म्हणावं, तर ते देवापाशी म्हणायचं कसं? शेवटी एवढंच म्हटलं, जे आहे ते लवकर दिसू दे.

लवकर दिसलं. पुढचं मला थोडं वन्संनी, थोडं इंजिनीयरनं सांगितलं.

वन्संनी सकाळी जाऊन आधी कान तराजूत टाकला. अडतीस ग्रॅम. तराजूची गरजही नव्हती, कानाच्या पाठीवर आकडा कोरलेला होता. मग इंजिनीयरला बोलावलं. यंत्र सुरू केलं. टोकाला कान होता तोवर हात शांत. वन्संनी नखानं मेण सोडवून कान काढून घेतला. हात गुणगुणायला लागला आणि त्याचं एक टोक डोळ्यांना दोन दिसू लागलं.

इंजिनीयर खाली वाकून बघत राहिला. म्हणाला, “माझा एकोणतीस, तुमचा वीस. दोघंही पास म्हणालो.”

“तू वरून चुकलास, मी खालून चुकले,” वन्सं म्हणाल्या, “आणि खरं मधे बसून आपली गंमत बघत होतं.”

घरी मला त्या एवढंच म्हणाल्या, “त्याची चकती सापडली आणि मी खूश झाले. दुसऱ्याची चूक हातात आली की आपल्या खिशात बघावंसं वाटत नाही.”

दोघं मिळून मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी यंत्र स्वतः पाहिलं. ऐंशी हात लगेच अडवले. मग रजिस्टर मागवलं आणि पेन हातात घेऊन म्हणाले, “ताई, असं लिहू. उपकरणातील दोषामुळे मोजणी चुकीची आली. तुमची मंजुरी अजून वर आहे. ‘चूक’ शब्द दिसला तर लोक पुढचं वाचत नाहीत.”

“उपकरणात दोष नाही साहेब. त्यानं आपलं वजन पाठीवर लिहून ठेवलंय. मी वाचलं नाही.”

इंजिनीयर मधे म्हणाला, “मग माझंही नाव घाला. चकती मी विसरलो होतो.”

“तुझी चूक मी पकडली होती, ती तेव्हाच लिहिली,” वन्सं म्हणाल्या. “ही माझी आहे. तुला पाहिजे असेल तर तू तुझी नवीन कर.”

साहेबांना हसू आलं, पण पेन त्यांनी वन्संकडे दिलं. वन्संनी लिहिलं : मोजताना सेन्सरचे वजन धरले नाही. माझी चूक. हाताला दिलेली मंजुरी मागे घेत आहे. खाली सही, तारीख, शिक्का.

पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या, चपला काढल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मुदतवाढ नाही. वरून नको म्हणाले.” मी काही बोलणार तोच म्हणाल्या, “जेवायला काय आहे?” त्या दिवशी त्यांनी कशावर टिचकी मारली नाही. रात्री हे उगीचच दोनदा पाणी प्यायला उठले. दुसऱ्यांदा त्यांच्या खोलीच्या दाराशी जरा थांबले आणि परत आले.

नवा हात येईपर्यंत दवाखान्यातल्या अकरा हातांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. ते काढून आणावेत तर रुग्णांना दुसरी सोय नव्हती, जुना हात या यंत्रांना बसत नव्हता. उपाय इंजिनीयरनं भीतभीत सुचवला, “ताई, कान होता तेव्हा हात शांत होता ना? मग प्रत्येकाच्या टोकाला अडतीस ग्रॅम बसवलं तर?”

वन्सं म्हणाल्या, “माझ्या भावजयीची कात्री.”

लेथवर पितळी कड्या करवून घेतल्या, अडतीस ग्रॅमच्या, स्क्रूनं आवळायच्या. एक कडी एका हातावर आठवडाभर चालवून पाहिली. या वेळी टोकाजवळ काहीही न चिकटवता, नुसता प्रकाशाचा ठिपका टोकावर पाडून त्याच्या थरथरीवरून मोजलं. मग वन्सं म्हणाल्या, बसवायला मीच जाणार. शेवटचे पंधरा दिवस त्या एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरल्या. गुडघा दुखत होता, म्हणून शेवटच्या दोन ठिकाणी कड्यांची पिशवी धरायला मी बरोबर गेले.

दहाव्या ठिकाणी गंमत झाली. खाटेवर एक वयस्क गृहस्थ, डोळे मिटलेले. शेजारी त्यांची बायको. आणि हाताच्या टोकाला चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळलेला किल्ल्यांचा जुडगा.

“हे कशाला बांधलंय आजी?” वन्संनी विचारलं.

“किरकिर करायचं हो मेलं. ह्यांच्या कपाळावर आठी यायची. काही बांधून बघावं म्हटलं, तर किल्ल्या बांधल्यावर गप्प झालं. चालत नाही का? काढू?”

“किती दिवसांनी सुचलं तुम्हाला?”

“दुसऱ्या दिवशी.”

वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी! मला दीड महिना आणि भावजय लागली.” मग त्यांनी चिकटपट्टी सोडवली, कडी बसवली, स्क्रू आवळला. कान लावून ऐकलं, म्हणजे स्वतःचा. टोकाकडे डोळे बारीक करून पाहिलं. बुंध्याभोवती नखानं चाचपलं, चीर नव्हती. किल्ल्या पदराला पुसून आजींच्या हातात दिल्या.

“या आता घरच्या दाराला लावा,” म्हणाल्या.

“ह्यांना घेऊनच लावीन,” आजी म्हणाल्या आणि जुडगा कमरेला खोचला.

अकरावी कडी वन्संच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी बसली. तिथून त्या परत कारखान्यात गेल्या, रजिस्टरमध्ये अकरा ओळी भरल्या आणि निघाल्या. निरोपाला भाषण नको असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. इंजिनीयर फाटकापर्यंत आला. त्यानं नव्या सेन्सरची डबी उघडून दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढा. वन्संनी विचारलं, “वजन?” तो म्हणाला, “अर्धा ग्रॅम. आधी तेच बघितलं.” त्यांनी मान हलवली.

घरी आल्या तेव्हा मी मागच्या खोलीत शिवत होते. त्यांनी पिशवीतून आपली हातोडी काढली. ती मास्तरांची, नंतर यांची. कारखान्यानं तेवढी घेऊन जा म्हटलं होतं. माझी कात्री कोपऱ्यातून उचलून माझ्या मांडीवर ठेवली. पाट ओरडला.

“चालू ठेव,” म्हणाल्या.

कात्रीच्या जागी हातोडी ठेवली. पाट कमी ओरडला, पण ओरडला. हातोडी दोन बोटं आत सरकवली. अजून एक बोट. गप्प.

“ही इथे राहू दे,” वन्सं म्हणाल्या. “कात्री तुला दर वेळी उचलावी लागते.” मग खाटेवर बसल्या आणि विचारलं, “काजं करायची राहिलीत का? दे इकडे.”